दैव कोणी, कुणाला आणि कधी सांगायचं?

पुण्याची मूळ वस्ती म्हणजे कसबा. मुठेच्या काठावरच्या या वस्तीवर १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव चालून आला आणि त्याने ती जाळली. परंपरा सांगते, की एवढ्यावर तो थांबला नाही. त्याने जमिनीवरून गाढवाचा नांगर फिरवला, लोखंडी पहार ठोकली आणि तिच्यावर फाटकी वहाण टांगली. त्या काळच्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नसे. ही भूमी शापित झाली, इथे जो घर बांधील त्याचं वाटोळं होईल. जळलेलं घर पुन्हा उभं राहतं. पण इथे राहणाऱ्याचा शेवट आधीच ठरलेला आहे, हे एकदा मनात बसलं की कुडाची पहिली मेढ रोवायलाही कोणी पुढे येत नाही. मुरार जगदेवाला नेमकं तेच हवं होतं. आग विझल्यावरही गाव उजाड राहावं, यासाठी त्याने दैव वापरलं.

पुढे जिजाबाई लहानग्या शिवाजीराजांना घेऊन पुण्यात आल्या. पहार उपटली गेली, सोन्याचा फाळ लावलेला नांगर फिरवला गेला, कसबा गणपतीची स्थापना झाली. सोन्याच्या नांगराच्या तपशिलाबद्दल आणि दादोजी कोंडदेवांच्या वाट्याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि ते मिटवणं हे या प्रस्तावनेचं काम नाही. मला महत्त्वाची वाटते ती बखरींतली, नांगरापुढे झाकोळून जाणारी दुसरी गोष्ट. परत येणाऱ्या रयतेला इस्ताव्याचा कौल दिला गेला. म्हणजे पहिल्या वर्षी नाममात्र सारा, पुढे दरसाल थोडा चढता, आणि जमीन नीट लागवडीखाली आल्यावर पूर्ण आकार. मावळात लांडग्यांचा उपद्रव होता, तर लांडगा मारणाऱ्याला इनाम ठरलं.

नांगराने शापाची भीती काढली. पण भीती गेलेल्या माणसाकडे बैल नसेल, पहिल्याच वर्षी पूर्ण सारा मागितला जाणार असेल आणि रात्री गोठ्यात लांडगा शिरणार असेल, तर त्याच्या इच्छास्वातंत्र्याला कितीसा अर्थ उरतो? कसबा वसला तो या दोन्ही गोष्टी झाल्या म्हणून. मनातली पहार कुणीतरी उपटली आणि पायाखालची वाट कुणीतरी चालण्याजोगी केली. इच्छास्वातंत्र्य आणि नियतिवाद या वादात शिरताना वाचकाने ही दुसरी गोष्ट सोबत ठेवावी असं मला वाटतं, कारण तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत ती फार थोडी भेटते.

वाद जुना आहे. बुद्धाच्या काळी मक्खली गोसालाच्या आजीवक पंथाने सरळ सांगितलं होतं, की माणसाच्या प्रयत्नाने काहीही बदलत नाही. फेकलेला सुताचा गुंडा जसा संपेपर्यंत उलगडत जातो, तसा प्रत्येक जीव आपला ठरलेला फेरा पुरा करतो. हे मत आपल्यापर्यंत बौद्ध आणि जैन ग्रंथांतून, म्हणजे त्याच्या विरोधकांकडून आलं आहे, हेही ध्यानात ठेवायला हवं. त्यानंतर दोन हजारांहून अधिक वर्षांनी, १८१४ साली, फ्रेंच गणिती लाप्लास यानेही ठरलेल्या जगाचं चित्र मांडलं, पण ते देवाधर्माशिवाय. विश्वातल्या प्रत्येक कणाची आजची जागा आणि त्याच्यावरची बलं ज्या बुद्धीला ठाऊक असतील, तिला उद्याचं काहीच अज्ञात राहणार नाही, असं त्याचं म्हणणं. या मतांची आणि त्यांच्यावरच्या आक्षेपांची चर्चा पुढील प्रकरणांत सविस्तर आहे. इथे मला फक्त रोजच्या बोलण्यात होणारा एक घोटाळा दूर करायचा आहे, कारण तो राहिला तर पुढचं सगळं वाचन फुकट जाईल.

प्रत्येक घटनेला कारण असतं, हे एक मत. काहीही केलं तरी व्हायचं तेच होणार, हे दुसरं. ही दोन मतं आपण एकच समजतो, आणि ती एकमेकांच्या जवळजवळ विरुद्ध आहेत. दहावीच्या मुलाची आजी म्हणते, ‘असेल नशिबात तर होईल पास.’ कारणवादी माणूस असं म्हणूच शकत नाही. त्याच्या लेखी मुलाचा अभ्यास हे निकालाच्या कारणांपैकीच एक कारण आहे. ते काढून टाकलं तर निकालही बदलेल. कारणांची साखळी मानणारा माणूस हात चालवतो, कारण आपला हात ही साखळीतलीच एक कडी आहे हे त्याला ठाऊक असतं. ललाटलेख मानणारा हात बांधतो. विज्ञानाने जगातली कारणं दाखवून दिली म्हणून सटवाईने कपाळावर लिहिलेलं खरं ठरत नाही. आजीचं वाक्य मुलाला धीर देण्यासाठी असतं हे मी जाणतो, आणि त्या मायेबद्दल माझी काही तक्रार नाही. पण तेच वाक्य परीक्षेच्या आदल्या महिन्यात मुलगा स्वतः म्हणू लागला, तर ते घातक आहे.

दैवाचा विषय आपल्या घरांत सर्वांत जास्त निघतो तो लग्न जमवताना. दोन पत्रिका समोर ठेवायच्या आणि छत्तीसांपैकी किती गुण जमतात ते पाहायचं. वर्णाचा १, वश्याचे २, ताऱ्याचे ३, योनीचे ४, ग्रहमैत्रीचे ५, गणाचे ६, राशिकूटाचे ७ आणि नाडीचे ८. अठरा जमले की पुढे बोलायचं. हे छत्तीसच्या छत्तीस गुण वधूवरांच्या जन्मवेळी चंद्र कोणत्या राशीत आणि कोणत्या नक्षत्रात होता, एवढ्यावरच काढले जातात. मुलीचं शिक्षण, मुलाचा स्वभाव, दोघांच्या घरची रीत, यांपैकी कशालाही त्यात जागा नाही. मंगळाचं गणित तर याहून सोपं. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानात मंगळ असला की पत्रिका मंगळाची. बारा स्थानांतली ही पाच स्थानं, म्हणजे ढोबळ हिशेबाने शंभरातली चाळीसहून अधिक माणसं मंगळाची ठरतात. मग अपवादांची यादी लागते आणि तिच्या आधाराने ज्याला लग्न हवं असतं तो मार्ग काढतो. ज्याला नको असतं त्याला नकाराचं सोयीचं कारण मिळतं. ‘पत्रिका जुळत नाही’ असं ऐकलेल्या मुलीला प्रतिवाद करायला जागाच उरत नाही. रंग, हुंडा, जात, वय, कशामुळे नाकारलं गेलं हे विचारण्याचा तिचा हक्क चंद्राच्या नावावर काढून घेतला जातो. मला या प्रथेतली ही बाब सर्वांत जाचक वाटते.

पत्रिकेवरून माणसाचं भविष्य कळतं, हा दावा पुण्यातच तपासला गेला. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचा आतून अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे यांनी २००८ साली एक साधी चाचणी आखली. शाळेत हुशार ठरलेली शंभर मुलं आणि मतिमंद म्हणून निदान झालेली शंभर मुलं यांच्या जन्मवेळा घेऊन पत्रिका तयार केल्या. चाचणीत भाग घेणाऱ्या ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस पत्रिका द्यायच्या आणि त्याने प्रत्येक पत्रिका कोणत्या गटातली ते सांगायचं. मुलाची बुद्धी ही काही बारीकसारीक बाब नव्हे. जन्मवेळेत आयुष्य लिहिलेलं असेल तर एवढं तरी तिथे दिसायलाच हवं. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. नाणं उडवून ठरवलं असतं तरी चाळीसांत सरासरी वीस उत्तरं बरोबर आली असती. ज्योतिषांची सरासरी १७.२५ आली आणि सर्वांत चांगला गुणांक २४ होता. एका ज्योतिषसंस्थेने दोनशेही पत्रिका तपासल्या. तिची १०२ उत्तरं बरोबर आली. हे निष्कर्ष २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात छापले गेले.

या चाचणीने इच्छास्वातंत्र्य सिद्ध झालं असं मात्र कोणी समजू नये. उद्याचं ठरलेलं आहे की नाही, या प्रश्नाला तिने हात घातलेला नाही. ठरलेलं असेलच, तर ते कुंडलीत वाचता येत नाही, इतकंच ती सांगते. पण रोजच्या व्यवहारापुरतं एवढं पुष्कळ आहे. ज्या लिखिताचा कागद कुणालाच वाचता येत नाही, त्याच्या आधारे दुसऱ्याचा निकाल लावण्याचा अधिकार कुणाला पोचत नाही.

मराठीत या वादाचा सर्वांत खोल विचार ज्या पुस्तकात आहे, ते तुरुंगात लिहिलं गेलं. १९०८ साली राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. मंडालेच्या कोठडीत, १९१०-११ च्या हिवाळ्यात, त्यांनी ‘गीतारहस्या’चा मसुदा पेन्सिलीने लिहून काढला आणि सुटकेनंतर १९१५ साली तो पुण्यात छापून निघाला. त्याच्या दहाव्या प्रकरणाचा विषयच कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य हा आहे. आजच्या वाचकाने भाषेला न बिचकता ते वाचावं. टिळक प्रश्नाला बगल देत नाहीत. सगळं पूर्वकर्माने बांधलेलं असेल तर ‘असं कर, तसं करू नकोस’ हा उपदेशच व्यर्थ ठरतो, हा आक्षेप ते पूर्ण ताकदीनिशी मांडतात. देह, इंद्रियं, मन ही प्रकृतीच्या साखळीत अडकलेली आहेत हेही ते मान्य करतात. तरीही आतून सुटकेची जी प्रेरणा उठते ती त्या साखळीतून आलेली नाही, ती आत्म्याची आहे, आणि तिला थोडा थोडा सराव देत गेलं तर माणूस मोकळा होत जातो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. जे कर्म फळाला लागलं ते भोगूनच संपेल, जे अजून सुरू झालेलं नाही तिथे मात्र वाव आहे, हा वेदान्तातला भेद त्यांनी आधाराला घेतला. आत्म्याची भाषा सगळ्यांना पटणार नाही. मलाही हा निष्कर्ष पूर्ण पटलेला नाही. पण दाराला बाहेरून कुलूप असताना एक माणूस आपल्या हातात काय उरलं आहे याचा इतक्या काटेकोरपणे हिशेब मांडतो, याचं मोल मला त्या निष्कर्षाहूनही मोठं वाटतं.

त्याच खटल्यात टिळकांनी आपला बचाव स्वतः केला. अनेक दिवस ते न्यायालयासमोर बोलत होते. ज्युरीने दोषी ठरवल्यानंतर त्यांनी जे थोडे शब्द उच्चारले, त्यांत जगाचं नियमन करणारी शक्ती या न्यायासनाहून वरची आहे आणि आपण सोसण्यानेच कार्याला बळ यावं अशी तिची इच्छा असेल, असा आशय होता. हा दैववाद आहेच. पण तो कधी आला, ते पाहावं. शक्य तेवढा सगळा युक्तिवाद करून झाल्यावर आला, आणि स्वतःच्या वाट्याला आलेल्या शिक्षेबद्दल आला. दैवाचं नाव घेण्याची योग्य वेळ कोणती, याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

उलट बाजूचं उदाहरण पाहायचं तर जोतीराव फुल्यांकडे जावं लागतं. १८९१ साली, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त त्यांनी दैव आणि आकाशातले ग्रह हे दोन्ही विषय प्रश्नोत्तरांच्या रूपाने घेतले आहेत. फुल्यांना या वादात पांडित्य दाखवायचं नव्हतं. त्यांच्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं होतं, की तुमचा जन्म पूर्वकर्माने ठरला, तुमची कामं जन्माने ठरली, आणि लिहिणं-वाचणं तुमच्या दैवात नाही. हे सांगणारा स्वतःच्या मुलाला मात्र पाटीवर धुळाक्षरं गिरवायला बसवत होता. कसब्याच्या शेजारी, बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात १८४८ साली मुलींची शाळा भरली. त्या मुलींच्या कपाळी काय लिहिलंय, ते विचारायला जोतीराव आणि सावित्रीबाई कुणाकडे गेले नव्हते. दैव हे मत म्हणून एकवेळ चर्चेला घेता येईल, पण दुसऱ्याला आधीच ऐकवलेलं दैव ही सत्ता असते. मुरार जगदेवाच्या पहारेपासून पत्रिकेवरच्या नकारापर्यंत ती अशीच चालत आली आहे.

दैवाचा तिसरा वापर घटना घडून गेल्यावर होतो, आणि तो चुका झाकण्यासाठी होतो. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, ते पाणी खडकवासल्यात आलं आणि तेही धरण फुटलं. नदीकाठच्या पेठा बुडाल्या, कसब्यातली कितीतरी घरं मातीत गेली. त्या पुराबद्दल आजही जुनी माणसं ‘दैवाचा घाला’ म्हणून बोलतात, आणि ज्याचं घर डोळ्यांदेखत वाहून गेलं त्याने तसं म्हणण्यात गैर काही नाही. पण धरणाचं काम पुरं झालेलं नसताना त्याच पावसाळ्यात पाणी साठू दिलं गेलं होतं. पाणी सोडण्याच्या मार्गाची, दरवाजांची कामं अपुरी होती. हे निर्णय माणसांनी घेतले होते, आणि त्यांची छाननी करण्यासाठी आयोगही नेमले गेले. मागाहून दैव म्हणायचा हक्क पूरग्रस्ताला आहे, निर्णय घेणाऱ्याला नाही.

याच घटनेची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. आदल्या रात्रभर लष्कराचे जवान धरणाच्या खचणाऱ्या माथ्यावर वाळूची पोती रचत होते. धरण वाचलं नाही. पण ते भर रात्री न फुटता सकाळी फुटलं, पाणी शहरात शिरलं ते दिवसाउजेडी, आणि हजारो माणसांना उंचावर पळायला वेळ मिळाला. फुटणं टळणार नव्हतं असं मानलं, तरी कधी फुटणार हे त्या पोत्यांनी बदललं. इच्छास्वातंत्र्याला अनेकदा एवढीच जागा मिळते, आणि तेवढ्यावर किती जीव अवलंबून असतात ते पुण्याने पाहिलं आहे.

मेंदूविज्ञानाने अलीकडे या वादाला नवी धार आणली आहे. १९८३ मध्ये बेंजामिन लिबेट यांनी दाखवलं, की बोट हलवण्याची इच्छा झाल्याचं माणसाला जाणवतं त्याच्या काही दशांश सेकंद आधीच मेंदूत तयारीचा विद्युत्‌-संकेत उमटू लागतो. यावरून इच्छास्वातंत्र्य हा भास आहे, असं अनेकांनी जाहीर करून टाकलं. पुढे त्या संकेताचा वेगळा अर्थही लावला गेला, आणि वाद चालू आहे. पण बोट कधी हलवायचं हा प्रश्न माणसाच्या आयुष्यात कितीसा येतो? पुण्याच्या तांबट आळीतल्या मुलाने बापाचा हातोडा उचलायचा की कॉलेजात नाव घालायचं, हे ठरायला वर्षं लागतात. त्या आळीत हंडे, घंगाळी, बंब घडत. स्टील आलं, गॅसचे गीझर आले आणि बंबाची मागणी आटली. मठारकामाचा, म्हणजे भांड्यावर हातोडीचे ठोके देण्याचा, तो नाद आता थोड्याच घरांतून येतो. त्या मुलाने धंदा ‘स्वेच्छेने’ सोडला असं म्हणायचं, की बाजाराने सोडायला लावला? मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. ज्याला शिक्षणाची फी भरता आली त्याच्यापुढे दोन वाटा होत्या आणि ज्याला नाही त्याच्यापुढे एकच, हे म्हणणं जास्त प्रामाणिक ठरेल.

माझं स्वतःचं मत बनायला सर्वांत जास्त मदत झाली ती व्यसनमुक्तीच्या कामाकडे पाहून. डॉ. अनिता अवचट यांनी, ज्यांना महाराष्ट्र सुनंदा म्हणून ओळखतो, आणि अनिल अवचटांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केलं. दारुड्याला घरचे म्हणत असतात, ‘मनात आणलंस तर सुटेल.’ तो स्वतः म्हणतो, ‘माझ्या नशिबातच आहे.’ मुक्तांगणासारख्या ठिकाणी या दोन्ही वाक्यांना नकार मिळतो. व्यसन हा आजार आहे, तुझी इच्छाशक्ती या एका बाबतीत तुझ्या ताब्यात राहिलेली नाही, हे आधी मान्य कर, असं तिथे सांगतात. म्हणजे सुरुवात बंधन कबूल करण्यापासून होते. त्यानंतर आजचा एक दिवस न पिता काढायचा असतो, आणि तो काढायला शेजारी आणखी माणसं असतात. उपचार, गटातलं बोलणं, घरच्यांशी संवाद, पुढचा पाठपुरावा, हे सगळं भोवती उभं केल्यावर त्या माणसाच्या ‘नाही’ला बळ येतं. तो ‘नाही’ त्याचाच असतो, दुसऱ्या कुणाला त्याच्या वतीने म्हणता येत नाही. पण तो एकट्याच्या बळावर उभा राहत नाही.

म्हणून मी या वादात माझी बाजू स्पष्ट सांगतो. माणूस मोकळा आहे, पण थोडा आहे. ही मोकळीक कमीजास्त होते, आणि ती वाढवणं किंवा हिरावणं बऱ्याचदा इतरांच्या हातात असतं. दैव हा शब्द स्वतःच्या दुःखावर, सगळे उपाय करून झाल्यावर, ज्याला घ्यायचा त्याने घ्यावा. दुसऱ्याच्या आयुष्याबद्दल, तेही आधी, तो उच्चारणाऱ्याशी मात्र भांडायला हवं. पुढील प्रकरणांत या मताच्या विरोधातले भक्कम युक्तिवादही आहेत. ते वाचून माझी बाजू लंगडी वाटली तर वाचकाने ती खुशाल सोडावी.

एक विनंती. १२ जुलै १९६१ ची सकाळ ज्यांनी पाहिली, ती बहुतेक माणसं आज सत्तरीच्या पुढे आहेत. तुमच्या घरात असं कोणी असेल तर त्यांच्याजवळ बसा. घरातून कधी निघायचं हे कोणी ठरवलं, काय उचललं, काय मागे ठेवलं, शेजारच्या कुणाला हाक मारली, कुणाचं ऐकलं आणि कुणाचं ऐकलं नाही, हे विचारा आणि लिहून ठेवा. पुराची पातळी सरकारी कागदांत नोंदलेली आहे. त्या सकाळी घराघरांत घेतले गेलेले निर्णय मात्र अजून बहुतेक कुठेच लिहिलेले नाहीत.